हवेवर उभा राहणारा तंबू

...आणि वर तो तंबूच्या दुकानातला टायवाला मलाच विचारतो, ‘काका, हवेची काही कल्पना आहे का?’ मला! तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षं पंक्चर काढतोय मी. सायकल, स्कूटर, ट्रक, एकदा तर बागेतला फुगवायचा हत्तीसुद्धा! हवा म्हणजे जावई हो. फुगून बसते आणि कारण न सांगता निघून जाते. तिच्या जिवावर अख्खं कुटुंब झोपवायचं? हवेचं मला सांगू नका!

पण करता काय? आमची कन्या. सोळा पूर्ण. घरात असते म्हणजे फोन घरात असतो आणि ही फोनमध्ये. ती एक दिवस आपण होऊन म्हणाली, ‘येते मी कॅम्पिंगला. पण तो लोखंडी दांड्यांचा तंबू असेल तर नाही हं. नळ्यांत हवा भरून उभा राहतो तो घ्यायचा.’ मागच्या खेपेला तो तिच्या डोक्यावर बसला होता ना! आणि पुढच्या वर्षी ही शिकायला परगावी जाणार. म्हणजे आम्ही तिघांनी एकत्र जायची ही शेवटचीच वेळ. म्हटलं, घेऊ. हवेचा तर हवेचा!

तर दुकानात हा टायवाला. ‘सर, एकदम लाइटवेट! फक्त साडेअकरा किलो!’ फक्त? आमची कन्या दोन वर्षांची असताना साडेअकरा किलोची होती. तिला कडेवर घेऊन चार जिने चढताना मला नाही कोणी लाइटवेट म्हणालं! बरं, पंप? ‘पंप वेगळा, सर.’ खुंट्या? ‘त्यापण वेगळ्या.’ आणि पिशवी? तीपण वेगळी! अहो, मग वजन केलंत कशाचं, नुसत्या रंगाचं?

खोक्यावरचं वाचून आमची ही विचारते, ‘चार माणसं मावतील ना हो?’ ‘मॅडम, आरामात!’ मी तिथेच आत शिरून आडवा झालो, तर पाय थेट गल्ल्यापाशी. चार माणसं म्हणजे कसली, हँगरला टांगलेली? तरी मी शांतपणे म्हटलं, टबभर पाणी आणा, याच्या नळ्या बुडवून बघतो. काय चुकलं? आमच्या धंद्यात बुडवल्याशिवाय सख्ख्या भावावर विश्वास नाही! तर ही माझं कोपर ओढतेय, ‘अहो, चला ना...’ आणि कन्या? ती केव्हाच बुटांच्या विभागात जाऊन उभी, आमची-तुमची ओळखच नाही अशी.

घेतला शेवटी. घरी आणला, गच्चीवर फुगवायला घेतला. कागदावर लिहिलंय, पंपाचा काटा सातवर आला की थांबा. सात? सायकलला आम्ही चाळीस घालतो! अंगठ्यानं दाबून बघितलं. मऊ! सव्वीस वर्षं काट्याकडे न बघता ह्या अंगठ्यावर हवा भरतोय, म्हटलं, कागदाला काय कळतंय... मारला पंप. अजून मऊ. मारला आणखी... धडाम्! खालचे निवृत्त मास्तर चहाचा कप घेऊन रस्त्यावर! ही तडक पंप उचलून खाली घेऊन गेली. आणि कन्या एवढंच म्हणाली, ‘राहू दे बाबा. नाही जात आपण.’

लागलं हो ते. नळी काढली, घासली, तळहाताएवढा पॅच मारला आणि न्हाणीघरात बादली घेऊन बसलो. बुडव, बघ. बुडव, बघ. एक बुडबुडा नाही! कन्या दारात उभी होती. ‘बरं, येते,’ म्हणाली. ‘पण हवा मी भरणार. अंगठा खिशात.’

गेलो एकदाचे. तळ्याकाठी तंबूच तंबू, सगळे हवेचे. आमचा बरोबर सातवर, ताठ उभा. आणि शेजारच्याचा... फिस्स्स! मग पलीकडच्याचा. म्हटलं नव्हतं? हवेचं मला सांगू नका! तो शेजारी हताश, ‘अहो, तुमचाच कसा टिकला?’ आणि आमची कन्या, ती दुकानात ओळख न देणारी, साऱ्या तळ्याला ऐकू जाईल अशी ओरडली, ‘माझे बाबा पंक्चर काढतात!’

भरून आलं मला. पण भरून यायला वेळ कोणाला? रांग लागली! तंबू, गाद्या, एक होडी, चेंडू, कोणाची ती मानेखालची उशी! दोन दिवस मी मांडी घालून पॅच मारतोय. कन्या शेजारी, फोन खिशात, घासून देतेय, बुडवून बघतेय, वर लोकांना दटावतेय, ‘काटा बघा, काटा!’ तळं कसं होतं विचाराल तर आमच्या हिला विचारा, ती एकटीच फिरून आली.

निघताना सगळे विचारतात, ‘पुढच्या वर्षी याल ना?’ मी तोंड उघडायच्या आत कन्या म्हणते, ‘येणार म्हणजे काय! मी सुट्टी काढून येतेय!’

माझ्या दुकानाच्या पाटीवर खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘आमची कोठेही शाखा नाही’. काल रंगाचा डबा घेऊन कन्येनं तेवढी ओळ रंगवून बुजवली, ‘तळ्याकाठी आहे की, बाबा!’