बोक्याला नेताना

—नाही नाही, बसा की जावईबापू, एवढी काय घाई, बॅग भरून झालीच आहे तिची. आत आहे, येईल. हे बाहेर गेलेत — मुद्दामच गेलेत म्हणा ना, लेक निघालेली बघवायची नाही त्यांना — म्हणून म्हटलं, तुमच्याशी दोन शब्द मीच बोलावेत. तुमच्याबद्दल नाही हो! कुत्र्याबद्दल. बोक्या येणार ना बरोबर. तेवढी एकच अट घातलीय तिने, तुम्ही हो म्हणालात, चांगलं केलंत. आता कुत्र्याला बोक्या कोण म्हणतं, हसा तुम्ही, पण आला तेव्हा कपाटामागे शिरून मांजरासारखा फिसकारायचा, मग दुसरं काय म्हणणार?

मागच्या गल्लीतला भंगारवाला जागा सोडून गेला आणि ह्याला साखळीसकट तिथेच टाकून गेला. मान सोलून निघालेली, जवळ जाल तर दात. हिनेच सोडवून आणला. तेव्हा ही नुकतीच तुमच्याकडून आली होती — अंगावरच्या कपड्यांनिशी — दिवसदिवस बोलायची नाही. मी ह्यांना म्हटलं, एक मुकी होतीच घरात, आता हा दुसरा मुका जीव! मला वाटलं, दोन रट्टे दिले की येईल सुतासारखा सरळ. तर म्हणाली, "आई, तू आत जा." आणि त्याच्याकडे पाठ करून बसायची, पावाचा तुकडा मागे सरकवायची, वळून बघायचीसुद्धा नाही. अगं, हाक तरी मार, मी म्हणायचे. "नको. त्याला वाटेल तेव्हा येऊ दे." घरात घाण केली तरी ओरडणं नाही — मुकाट्याने पुसायची, आणि बाहेर जाऊन केली की काय ते कौतुक, जसा काही परीक्षेत पहिला आलाय! आणि हे लक्षात ठेवा हं, पट्टा एकदम गळ्यात घालायचा नाही त्याच्या. आधी नुसता ताटलीशेजारी ठेवायचा, हुंगू द्यायचा, मग पाठीवर, मग मानेवर, आणि भ्याला की परत पहिल्यापासून. कितीदा पहिल्यापासून केलं तिने! मी कंटाळले बघून, ती नाही कंटाळली. मग एकदा दुपारी आपण होऊन आला आणि तिच्या मांडीवर डोकं टेकलं त्याने. तेव्हा रडली हो. आल्यापासून पहिल्यांदा रडली. मी विचारलं, हे सगळं तुला शिकवलं ग कुणी? तर म्हणाली — जाऊ दे, काय म्हणाली ते. — म्हणाली, "माझ्याशी कुणीतरी असं वागावं, असं मला वाटायचं. तेवढंच करतेय."

नाही, रागावू नका. तुम्हाला टोचायला नाही सांगितलं, ओघात आलं. बदललोय म्हणता, तर बदलला असाल. ती तयार झाली, आम्हीही झालो — लोक विचारतात, नातेवाईक विचारतात, किती दिवस ठेवून घ्यायची — फक्त आवाज चढवू नका, कुत्र्याचं सांगतेय हं मी, अंधारात कोंडू नका, जेवताना पुढ्यातलं ताट ओढू नका तिच्या — त्याच्या हो, त्याच्या म्हणतेय मी —

अहो, उठलात कशाला? केवढ्यांदा पडली खुर्ची! नाही, बोक्याला काही झालेलं नाही. बघा, कान टवकारले आणि परत पडला निवांत. तो बरा झालाय. तिकडे बघा. स्वयंपाकघराच्या दारात. भिंतीला चिकटून उभी आहे ती. बॅग तोंडापुढे धरलीय तिने, दिसतंय ना? नुसती खुर्ची पडली, जावईबापू. नुसती खुर्ची —

बॅग खाली ठेव ग बाळा. ठेव. मी आहे. कुठे जायचं नाहीये.

तुम्ही निघा. नाही, खुर्चीला हात लावू नका, मी उचलेन. निघा म्हणते ना.