‘र’ले एवढी जागा कायले?

— अन् तुलेही तसलीच अक्षरं पायजे? जाड? त्या जंगलातल्या मोहाच्या झाडाइच्या वाटेवरच्या नव्या बोर्डासारखी? काऊन रे अंकुश, पंक्चरचंच दुकान टाकून राह्यला ना, का पोलीस ठाणं? अरे, पाह्यली का नीट ती अक्षरं? त्या फ्लेक्सवाल्या लोकेशच्या कम्प्युटरनं काढली — नुसते ठोकळे! ना कुठी वळण, ना शेपूट. अन् सगळ्याइले खोली एकाच मापाची. आता ‘र’ किती लहानसा जीव, त्याले जागा किती लागते? पण नाई — ‘क्ष’ले जेवढी, तेवढीच ‘र’ले! ओढूनताणून रुंद केला बिचाऱ्याले, जसा पोट्ट्याले बापाचा सदरा. माह्या हातचा ‘र’ अंग चोरून उभा राह्यते, अन् ‘क्ष’ मांडी घालून बसते. याले म्हणते अक्षर.

तिथी आधी माहाच बोर्ड होता. ‘वाघाचा वावर आहे’ — अन् खाली वाघ, एकेक मिशी काढलेला. लोकं गाडी थांबवून फोटो काढत. गिरजा, माही बायको, दरसाल मोहाची फुलं येचाले त्याच्यापुढूनच जाये. म्हणे, तुमचा वाघ लय चांगला हाय. वाघ! म्हातारपणी साक्षर वर्गात गेली, वाचाले शिकली — तरीबी तारीफ वाघाचीच, अक्षराइची नाई.

अन् परवा? बाया टोपल्या घेऊन निघाल्या, तं ही मधातच थांबली. दुरूनच वाचलं, मोठ्यानं — ‘वाघीण पिल्लांसह आहे. पुढे जाऊ नका.’ सगळ्याइले परत घेऊन आली. तोंड असं फुललं होतं, लग्नातबी नव्हतं तसं! मले म्हणते, लोकेशची अक्षरं लय चांगली हो, एकेक येगळं उभं राह्यते, गर्दी नाई करत. लोकेशची! जलमभर माह्या नखात रंग, अन् हिनं पह्यलं वाचलं कोणाचं? जीव वाचला, चांगलंच झालं, मी काय नाई म्हणतो? पण एखांदं माहं वाचावं ना —

तिकडं काय पाहून राह्यला? हात नोको लावू, ओला हाय तो पत्रा. हो, चौकोन आखले. सारखेच आखले, पट्टीनं. मग? ‘गिरजा’ लिवलं, दारावर लावतो. ‘र’ले जागा जास्त झाली? झाली तं झाली, तुह्या बापाची हाय का? जा तू लोकेशकडेच जा, निघ —

थांब. येऊन राह्यली ती. पत्र्यापुढून बाजूले हो ना बे. अन् चूप.