दहाव्याचा माईक

आमचा रघूभाऊ पंचायत समितीचा सभापती होता ना, नव्वदच्या पुढंमागं, तेव्हा एकही दशक्रिया चुकवायचा नाही. आपल्याकडं दहाव्याला घाटावर पुढाऱ्यानं बोलावंच लागतं, राव. घोडेगावची मीटिंग सोडून यायचा, आणि माईक हातात घेतला की आधी माझ्या कानाला लागायचा, "कोण गेलंय? काय झालं व्हतं?" मी सांगायचो. मग असा बोलायचा, की बाया डोळ्याला पदर लावायच्या.

पुढं राजकारणाला विटला. वकिली केलेली होतीच, परीक्षा देऊन जज झाला. नेमणूक लांब, विदर्भात. "जजानं लोकांत मिसळायचं नसतं," म्हणायचा. गावाला येणंच सोडलं त्यानं.

मग त्याची आई गेली. मातीला पोचला नाही, दहाव्याला आला. लोक जरा लांबच बसले होते. जजासमोर बोलायला कुणी उठेना. शेवटी तोच उठला, माईक घेतला, आणि सवयीनं माझ्या कानाला लागला.

"शेवटी काय झालं व्हतं रे तिला?"

"डोळे गेले व्हते, भाऊ. दारात पाऊल वाजलं की तुजं नाव घ्यायची."

त्यानं माईक माझ्या हातात दिला आणि खाली बसला.