इनासचं लॅटिन

१९६५ साल. रोमच्या पोपने, ख्रिस्ती लोकांच्या 'पाप सायबा'ने, इगर्जीतली प्रार्थना लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत करायला नुकतंच सांगितलं होतं. मालवणच्या स्टँडवर मी आचऱ्याच्या गाडीसाठी रांगेत होतो. पुढे इगर्जीत अल्तारापाशी, म्हणजे वेदीपाशी, पाद्रीच्या हाताखाली उभा राहणारा म्हातारा इनास आणि त्याची बायको नाताल.

"फादराक सांगून इलंय. यापुढे मी अल्ताराकडे उभो रवचंय नाय."

"पाप सायबाचो हुकूम आसा, प्रार्थना आपल्या भाशेत करूची. रोमात बसलेल्याक तुमच्यापेक्षा कमी कळता?"

"पाप सायब चुकलो! चाळीस वर्सां लॅटिन म्हटलंय. अर्थ कळूक नाय, पण अक्षर चुकूक नाय."

"पाप सायबाक चूक म्हणतास? जीभ झडात!"

"झडांदे. काल अर्धे बाक रिकामे होते, बघलंस?"

"बघलंय. तुमी रुसान भायर उभे रवलास, मी भितुर आपल्या भाशेत आयकलंय. छातीर तीनदा मूठ मारून तुमी इतकी वर्सां काय म्हणत होतास, तां माका काल कळला."

"काय?"

"'चूक माझी, चूक माझी, मोठी चूक माझीच.'"

"बरां, मग?"

"देवाक रोज सांगलास. माका एकदा तरी सांगलास? माझ्या आवशीच्या मयताक माका जावक दिलास नाय, तेवा?"

गाडी लागली. रांग हलली.

"नाताल."

"काय?"

"ती पिशवी हडे दी. जड आसा."