शेखाची राखण

जिंतूरच्या स्टँडवर योगीराजला पुढच्या बाकावरच्या मावशी-भाच्याचं बोलणं फुकटात ऐकायला मिळालं. मावशी बोरीला दिराला होकार द्यायला निघाली होती. दीर महांतेश तिच्या शेताची राखण करणार, तिनं त्याला विचारल्याबिगर ते कुणाला कसायला द्यायचं नाही. भाचा परीक्षेचा इतिहास वाचत होता.

“इंग्रज तिकडं अरबस्तानातल्या शेखाला म्हनले, आमी तुजी राखण करतो. तू आमाला इचारल्याबिगर जमीन कुनाला द्यायची न्हाई, दुसऱ्या राजाशी बोलायचं न्हाई.”

“राखण कुनापासून?”

“दुसऱ्या राजांपासून.”

“आन् इंग्रजापासून?”

“ते करारात न्हाई, मावशी.”

“लय हरामखोर! शेख हो म्हनला?”

“म्हनला.”

“त्याला कुनी मावशी नव्हती का रे?”

“बोरीची गाडी लागली, चल.”

“जाऊ दे गाडी. तुज्या महांतेशकाकाला फोन लाव. सांग, शेख न्हाई म्हनायलाय.”