इसालेची काडी

हॅलो?… हो, न्देशीच बोलतेय. बोला अनाएलीताई… येतंय, येतंय ऐकू. दार-एस-सलामला उकाडा असेल ना… इथेही पाऊस नाही. किलीमांजारो नुसता ढग पांघरून बसलाय.

आला ना. तुम्ही पाठवलेला करवतवाला सकाळीच आला… हो, कॉफीच्या वाळक्या फांद्या काढल्या सगळ्या. ॲव्होकॅडोची ती छपरावर झुकलेली मेलेली फांदीही उतरवली… छान झालं. नाताळला तुम्ही सगळे याल, तेव्हा बाग कशी मोकळी दिसेल…

नाही हो, रडत नाहीये. सर्दी आहे.

ताई… त्याला तुम्ही काय सांगितलं होतं?… 'वाळलेलं दिसेल ते सगळं काढ.' तेवढंच?… मी पाटावर गेले होते, आज पाण्याची पाळी आपली होती. परत येऊन बघते, तर केळीतलं इसालेचं झुडूप नाही… तेच. माझ्या तान्ह्या अपाईच्या उशाशी सासूबाईंनी लावलेलं.

हॅलो?… आहात ना?

मुळासकट. वर सगळ्या बागेची जमीन उकरून सारखी करून केळीची पानं अंथरली. नेटका माणूस… त्याला काय बोलायचं, तो किनाऱ्याकडचा. पण तुम्हीही सून म्हणून याच घरात नांदलात ना? आपल्यात इसाले पुरलेल्या माणसाच्या उशाशी लावतात, हे तुम्हाला मी सांगायचं?…

अहो, ऐका… ऐका ना. पानं करपली होती, मान्य. पण ढिगातून फांदी उचलून नखाने साल खरवडली, तर आत हिरवी. जिवंत होतं ते.

नको, फोनवर माफी नको… माहीत आहे. इसालेच्या पानाला गाठ मारून दारात आलात, की मला नाही म्हणता येणार नाही. या डोंगरावर कोणालाच येत नाही. म्हणून तर सांगतेय, इतक्यात आणू नका. थोडे दिवस रागावू द्या मला…

ह्यांना? अजून नाही सांगितलं. बाजारातून यायचेत… दुसरं लावू म्हणता? लागेल की. इसालेची काडी कुठेही खोचा, फुटते. ओल्या फडक्यात गुंडाळून हातातच धरलीय…

अहो, पण लावू कुठे?… दगड नाही, क्रूस नाही. नाव ठेवलं आणि गेली, एवढ्याशा लेकराला कोण क्रूस उभारतं. ते झुडूपच खूण होती… केळींचं काय सांगता, त्या दर वर्षी जागा सोडून सरकतात. सासूबाई असत्या तर डोळे मिटून दाखवलं असतं. मघापासून फिरतेय. इथे वाटतं, मग वाटतं तिथे. पाय टेकवायची भीती वाटते हो.

रडू नका… ताई, रडू नका. एवढंच सांगा, त्या दिवशी तुम्हीही उभ्या होतात ना माझ्याजवळ? पाटाच्या अलीकडे होतं ना?… किती अलीकडे?…

नाही आठवत.

बरं… नाही, बरं. ठेवते आता. अंधार पडायच्या आत कुठेतरी खोचायला हवी.