शिलाई सरळ आहे

शिंप्याची मुलगी ऑपरेशनचं संमतीपत्र घेऊन परतली, तर काय! चार दिवस तोंडाला कुलूप लावून बसलेले आणि सकाळपासून दोनदा सही टाळलेले बाबा चक्क एका अनोळखी बसड्रायव्हरशी बोलत होते. ती खांबाआडच थांबली.

“तुमचीही किडनी काढली?”

“दोन वर्षं झाली. कॅन्सरसकट गेली. उरलेल्या एकीवर गाडी मस्त पळतेय.”

“घाबरला नाहीत?”

“घाबरलो नाही कसा? आदल्या दिवशी चपला घालून गेटपर्यंत गेलो होतो.”

“मी आत्ताच दोनदा जाऊन आलो.”

“बघितलं की! म्हणून तर शेजारी येऊन बसलो.”

“पायमशीन चालवता येईल ना पुन्हा?”

“डॉक्टरीणबाईंना विचारा. मला तीन महिने बसला हात लावू दिला नाही. घरात बसून बसून बायकोचं डोकं खाल्लं!”

“जरा टाके दाखवता?”

“इथे? सगळ्यांसमोर?”

“शर्ट वर करा हो. हं... टोकाला चुणी पडलीय. पण शिलाई सरळ आहे. कुणाचा हात?”

“उद्या तुमच्यावर चालणार आहे तोच.”

“बरं. आता हलू नका, तुमचं बटण लोंबतंय. सुई आहे माझ्याकडे.”

“बाबा, सही राहिलीय...”

“थांब गं, एवढी गाठ मारू दे. तू पेन काढून ठेव.”